आवाज बदलण्याआधी

वनजाक्षीचं नाव आजोबांनी ठेवलं. कमळासारखे डोळे असलेली, असा त्याचा अर्थ. पोरीला दिसत नाही हे घरात कळलं ते बारशानंतर बऱ्याच महिन्यांनी. आता पन्नाशीला टेकलेली वनजाक्षी स्वतःच सांगायची, "आमच्या आजोबांनी जरा घाई केली." ऐकणाऱ्याला हसावं की नाही कळायचं नाही, आणि त्याची ती पंचाईत तिला आवडायची.

म्हैसूरला कुवेंपुनगरात ती आणि तिचा नवरा रुद्रेश, दोघंच राहत. मुलगी लग्न होऊन शिमोग्याला. वनजाक्षी विद्यापीठाच्या लोकसंस्कृती विभागाचं काम घरी बसून करायची. कोल्लेगालकडच्या खेड्यांत जाऊन कोणीकोणी म्हाताऱ्या बायकांना बोलतं केलेलं होतं. रेशमाचे किडे कसे पाळायचो, तुतीचा पाला कोण तोडायचं, सासू कशी होती, सवत कशी होती. ती ध्वनिमुद्रणं ऐकून वनजाक्षी शब्द न् शब्द कन्नडमध्ये टाईप करायची. खोकला कुठे आला, बाई कुठे गप्प झाली, हेसुद्धा. विभागातले इंदुधर सर म्हणायचे की वनजाक्षीअम्मांच्या कागदात म्हातारी समोर बसल्यासारखी वाटते.

हे सगळं ती करायची एका जुन्या कॉम्प्युटरवर. पडद्यावरचं वाचून दाखवणारा एक आवाज त्यात होता. पुरुषी, नाकातला, खडखडीत. तिने त्याचं नाव कंडक्टर ठेवलं होतं. इतकी वर्षं ऐकून तिने त्याला एवढा वेगात पळवला होता की दुसऱ्या कोणाला एक शब्द लागत नसे. रुद्रेश म्हणायचा, "लाह्या फुटतायत की कोणी बोलतंय?" तिला मात्र त्या लाह्यांतला प्रत्येक दाणा वेगळा ऐकू यायचा. ज्या कंपनीने तो आवाज बनवला ती कधीच बंद पडली होती. कॉम्प्युटरची नवी सिस्टीम घेतली तर त्या आवाजाने तिथे चालायचं काही कारणच नव्हतं.

आणि नवी सिस्टीम घ्या, असं तर कॉम्प्युटर रोज सांगू लागला होता. एखादी म्हातारी ऐन रंगात येऊन सांगत असावी आणि मध्येच कंडक्टरने ओरडावं: तुमच्या सिस्टीमची मदत लवकरच बंद होत आहे, आता अपग्रेड करा किंवा नंतर आठवण करून द्या. वनजाक्षी 'नंतर'वर जायची. त्या सूचनेच्या तोंडावर दार लावून घ्यायची, पण मन पुन्हा कामात बसत नसे. उठून पाणी प्यायची, भांडी पुसलेली असली तरी पुन्हा पुसायची.

"करून टाक ना," रुद्रेश म्हणाला. तो डेअरीच्या ऑफिसातून नुकताच निवृत्त झाला होता आणि दिवसभर घरात असायचा. "एक बटण दाबायचं. सगळं जग करतंय."

"सगळ्या जगाला दिसतं."

"मग? मी आहे ना."

"अहो, तुमच्यासाठी भिंतींचा रंग बदलतो हो. माझ्यासाठी दारं बदलतात. उद्या सकाळी उठलात आणि मोरी स्वयंपाकघराच्या जागी असली तर?"

"तर तिथे आंघोळ करेन," रुद्रेश म्हणाला, आणि पेपर उलटला.

तिने दावणगेरेला अनसूयाला फोन लावला. दोघी अंधशाळेत एका बाकावर वाढलेल्या. अनसूया बँकेत होती, आणि तिच्याकडे बँकेने न विचारताच नवी सिस्टीम घातली होती.

"करू नकोस," अनसूया पहिल्या झटक्याला म्हणाली. "अगं, पुन्हा नवी नवरी झाल्यासारखं झालंय. मीठ कुठे, साखर कुठे, कोणाला हाक मारायची, काही कळत नाही. काल माझंच लिहिलेलं मला सापडेना. रडले मी ऑफिसात. साहेब म्हणाला, चहा घेऊन या मॅडमना. चहा काय करायचाय मला?"

"म्हणजे नकोच."

"नकोच. पण तू ठेवून ठेवून किती दिवस ठेवणार गं? आज ना उद्या करावंच लागणार."

"तू नेमकं काय सांगतेयस?"

"मला तरी कुठे कळतंय!"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. देवळात प्रदक्षिणा घालताना वनजाक्षीच्या डोक्यात तेच, चित्रान्नाच्या भाताला फोडणी देताना तेच. एक दिवस ठरवायची, या रविवारी करायचं. शनिवारी म्हणायची, हातातलं ध्वनिमुद्रण संपू दे. ते संपलं की दुसरं यायचं. ती आपल्या कॉम्प्युटरमध्ये बोटांनी वावरायची, जशी आईच्या घरात वावरली होती. कुठे पायरी आहे आणि कुठे चौकट खाली आहे हे कधी मोजावं लागलं नव्हतं.

मग एकेक दार आपोआप बंद होऊ लागलं. आधी बँकेचं पान उघडेना. मग ईमेल. 'तुमची सिस्टीम जुनी आहे' एवढं बोलून कंडक्टर गप्प. वनजाक्षीने नाना तऱ्हा करून पाहिल्या, आणि शेवटी हाक मारली, "अहो, जरा तुमच्या फोनवर माझी ईमेल बघता का?"

रुद्रेश उठून आला तो जवळजवळ धावतच. चष्मा घातला, खुर्ची ओढली, आणि डेअरीतली फाईल वाचावी तसा मोठ्याने एकेक शब्द वाचू लागला. दुसऱ्या दिवशी तिने बोलवायच्या आधीच हजर. "आज काय आलंय बघू." बँकेचं तोच बघू लागला, विजेचं बिल तोच भरू लागला. आठवड्याभरात त्याच्या चालण्यात फरक पडला. चपलांचा आवाज पूर्वी घरभर रेंगाळायचा, आता नेमका यायचा. वनजाक्षीला ते ऐकू येत होतं. त्याला बरं वाटतंय हे तिला कळत होतं, आणि म्हणून ती काही बोलत नव्हती. पण रोज सकाळी 'आज काय आलंय बघू' ऐकलं की तिची बोटं कीबोर्डवरून आपोआप मांडीवर यायची.

गंमत म्हणजे अपग्रेडचं आता तो नावच काढत नव्हता. तिनेच एकदा विषय काढला.

"कशाला उगाच?" रुद्रेश म्हणाला. "चाललंय ना छान? मी आहे की."

पूर्वीही तो हेच म्हणाला होता. पण तेव्हा तिने ते थट्टेवारी नेलं होतं.

एका दुपारी इंदुधर सरांचा फोन आला. "अम्मा, आता तब्येत कशी आहे?"

"माझी? बरी आहे की. का हो सर?"

सर जरा अडखळले. "नाही, तुमच्या ईमेलमध्ये होतं ना… घरी अडचण आहे, एवढं काम झेपत नाही, निम्मं दुसऱ्या कोणाला द्या. मी त्या रेशीमवाल्या आजींचं सगळं दुसऱ्या मुलीकडे दिलं. तिचं आलंय, पण मला ते… म्हटलं तुम्हाला विचारावं, बरं वाटत असेल तर—"

वनजाक्षीने काय उत्तर दिलं ते तिला नंतर आठवेना. फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली. रुद्रेश ओट्याशी कॉफी गाळत होता.

"सरांना काय लिहिलंत?"

गाळणं थांबलं. "तू दमलेली दिसत होतीस. रोज ते 'नंतर, नंतर' करत चिडत होतीस. मी म्हटलं, जरा ओझं कमी होईल."

"माझ्या नावाने लिहिलंत?"

"तुझ्याच ईमेलवरून जाणार ना ते. वनजा, तुझ्यासाठीच केलं."

"त्या आजी कुठे थांबतात ते मला माहितीय. सवतीचं नाव आलं की त्या थांबतात. ती मुलगी तिथे नुसते ठिपके देणार आणि पुढे जाणार."

"आता एका म्हातारीसाठी—"

"म्हातारीसाठी नाही!" एवढ्या मोठ्याने ती कित्येक वर्षांत बोलली नव्हती. "माझ्या तोंडून तुम्ही बोललात. मला विचारलं नाहीत. मला दिसत नाही हो, पण मला तोंड आहे."

रुद्रेशने कॉफी तशीच ठेवली. संध्याकाळी पिशवी भरून तो शिमोग्याला मुलीकडे गेला. "दोन दिवस तुला शांतता मिळेल," एवढंच दारातून म्हणाला.

शांतता कसली! ती रात्र वनजाक्षीने कूस बदलत काढली. सकाळी आंघोळ केली, देवाला फूल वाहिलं, सगळी ध्वनिमुद्रणं आणि आपलं लिखाण एका वेगळ्या डिस्कवर उतरवलं, ते उतरलं का म्हणून पुन्हा पुन्हा तपासलं. मग कॉम्प्युटरसमोर बसली. कंडक्टर नेहमीसारखा ओरडला. या वेळी ती 'नंतर'वर गेली नाही.

थोडा वेळ तो टक्के सांगत राहिला. मग यंत्र एकदा बंद होऊन चालू झालं आणि आवाज गेला. सिस्टीम बदलत असताना वाचणारा आवाज चालत नाही, हे अनसूयाने सांगितलं होतं, पण सांगणं वेगळं. खोलीत नुसता पंख्याचा भिरभिराट. यंत्र पुढे जातंय की अडकलंय, काहीतरी विचारतंय की मेलं, कळायला मार्ग नव्हता. तिने कॉम्प्युटरच्या डब्याच्या जाळीवर तळवा ठेवला. गरम हवा येत होती. उठली, बसली, पुन्हा तळवा ठेवला. रुद्रेशला फोन करावा असं तिच्या बोटांना वाटलं. तिने फोन दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला.

तेवढ्यात दारात मोगरेवाली पुट्टम्मा आली. "अम्मा, फुलं."

"पुट्टम्मा, आत ये. या काचेत काय दिसतंय सांग."

"मला वाचता येत नाही हो अम्मा."

"वाचू नकोस. काय दिसतं ते सांग."

पुट्टम्मा पदराला हात पुसत वाकली असावी. मोगऱ्याचा वास जवळ आला. "निळं आहे सगळं. मध्ये पांढरे ठिपके गोल गोल फिरतायत. जत्रेतल्या पाळण्यासारखे."

"फिरतायत ना? थांबले नाहीत?"

"फिरतायत की! आपल्याला चक्कर येईल इतके. काय आहे हे?"

"घर बदलतेय," वनजाक्षी म्हणाली.

"हो का? कुठे जाणार? लांब नका जाऊ, माझं गिऱ्हाईक तुटेल." पुट्टम्मा आणखी थोडा वेळ उभी राहिली, ठिपके फिरतायत हे तीनतीनदा सांगून गेली, आणि गजरा थोडा लांब मोजून देऊन गेली.

दुपार कलताना अनसूयाने शिकवलेल्या तीन कळा तिने एकदम दाबल्या. कॉम्प्युटरमधून एक बाई बोलली. इंग्रजीत, संथ, शाळेतल्या नव्या टीचरसारखी. वनजाक्षीच्या डोळ्यांतून पाणीच आलं, आणि ते आनंदाचं होतं असं म्हणवत नाही. पुढचा सगळा वेळ ती अनसूयाला फोनवर धरून बसली.

"कन्नड टाईप केलं तर नुसते अगडबगड आवाज येतायत गं."

"कीबोर्ड बदल. नाही, तिथे नाही. आता 'भाषा' म्हणतेय का ती? खाली जा. खाली. अगं खाली म्हणतेय, पाताळात नाही!"

"माझं सगळं लिखाण गेलं बहुतेक."

"गेलं नाही. माझंही तीन दिवस गेलं होतं. मग माळ्यावर सापडलं."

लिखाण होतं. कन्नडही आलं, पण वेगळ्याच कळांवर. बोटं जुन्या जागी जात आणि भलतंच अक्षर उमटे. दुसऱ्या दिवशी सकाळभर ती नुसती चुकत होती, खोडत होती, चिडून उठत होती आणि पुन्हा बसत होती. पण ईमेल उघडली. पहिलं पत्र तिने इंदुधर सरांना लिहिलं. त्यात दोन चुका राहिल्या हे तिला माहीत होतं, तरी तसंच पाठवलं: मागचं पत्र माझं नव्हतं. आजींचं काम मला परत द्या.

रुद्रेश संध्याकाळी आला. नव्या बाईचा आवाज ऐकून तो दारातच थबकला.

"केलंस?"

"केलं."

बूट काढल्याचा आवाज आला, मग खुर्ची सरकल्याचा. ती नेहमीची खुर्ची नव्हती, तिच्याजवळची नव्हती, खिडकीशी असलेली.

"रिटायर झालो ना," तो म्हणाला, "त्या दिवसापासून मला कोणी काही विचारत नाही. डेअरीत दिवसाला शंभर माणसं विचारायची. हे काय, ते काय. तू ईमेल बघायला बोलावलंस, तर…" त्याने वाक्य सोडून दिलं. "सरांना तसं लिहायला नको होतं. चुकलं."

"चुकलंच," वनजाक्षी म्हणाली. तिचा राग गेला नव्हता, पण आता त्याला बसायला जागा उरली नव्हती. "हातपाय धुवा. आमटी गरम करते."

आठवड्याने आजींचं ध्वनिमुद्रण परत आलं. त्या मुलीने खरोखरच ठिपके देऊन ठेवले होते. वनजाक्षी पहिल्यापासून ऐकायला बसली. नवी बाई अजून हळू बोलायची, तिला रोज थोडं थोडं पळवावं लागत होतं. मध्येच एक शब्द आला आणि वनजाक्षीने ध्वनिमुद्रण थांबवलं. तुतीचा पाला ठेवायच्या कसल्याशा टोपलीचं नाव. तिने तीनदा ऐकलं. लागेना.

"अहो," तिने खिडकीकडे तोंड करून विचारलं, "तुमच्या आत्या कोल्लेगालच्या ना? हा शब्द ऐका बरं."

रुद्रेश आला, उभ्यानेच ऐकलं. "पुन्हा लाव." पुन्हा ऐकलं. "ऐकलाय कुठेतरी. सुपासारखं काहीतरी… नाही, खोटं सांगत नाही, नक्की माहीत नाही. आत्याला फोन करू?"

"करा."

त्याने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडे घंटी वाजत राहिली. आत्या ऐंशीच्या पुढची, फोनपर्यंत यायला तिला वेळ लागायचा. दोघं कान देऊन थांबली.