डोहातले नऊ मासे

पेठचा डांबरी रस्ता सोडून खाली उतरलं की सावित्रीबाईचं गाव, आणि गावाच्या पायथ्याशी नदीचा डोह. त्या डोहात नऊ मासे होते. हातभर लांब, रुपयाएवढ्या खवल्यांचे. नाशिकहून येणारे हौशी लोक त्यांना महसीर म्हणायचे, मोबाइलवर फोटो काढायचे आणि वडापाव खाऊन परत जायचे. गावात ते नुसते देवाचे मासे. त्यांना मारायचं नाही हे तर झालंच, पण हातही लावायचा नाही. ज्याचा हात लागला, त्याने मरेपर्यंत डोहाची पायरी उतरायची नाही. हा नियम कोणी घातला हे कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे तो मोडायचीही कोणाची छाती नव्हती.

माशांना सकाळी भात घालायचा मान सावित्रीबाईच्या घराचा. तिचा नवरा झिपरू चाळीस वर्षं तो घालत आला. पौषात झिपरू गेला, आणि दिवसकार्य उरकल्याबरोबर भाताचं टोपलं तिच्या हातात आलं. तिला दुसरं उरलं तरी काय होतं? मुलगा किशोर लांब धरणावर, पिंजऱ्यात मासे वाढवून विकणाऱ्यांकडे कामाला. सून मीना गुणाची, पण दिवसाला चार शब्द बोलणारी. डोहावर मात्र सावित्रीबाईला जिवंत वाटायचं. भाताची मूठ टाकली की पाण्यातून तोंडं वर यायची. शेपटी फाटलेला म्हातारा मासा सगळ्यांत शेवटी यायचा. झिपरूलाही जेवायला चार हाका माराव्या लागायच्या. ती त्या माशाशी घरातलं सगळं बोलायची.

महाशिवरात्र गेली, होळी गेली, भात चालूच राहिला. झिपरू शिवरात्रीनंतर टोपलं खुंटीला टांगून ठेवायचा, हे ती विसरली नव्हती. पण त्या दिवसांत घरातला तांदूळही तळाला गेलेला असायचा, म्हणून हात आखडत असेल असं तिला वाटे. आपण अर्धपोटी राहू, पण त्यांना उपाशी ठेवायचं नाही, असं तिने मनाशी ठरवलं. तिला अडवणार कोण? पुण्य करणाऱ्या बाईला कोणी थांबवत नाही.

वैशाखात डोह कमरेएवढा राहिला. दुपारी पाय घातला तर अंघोळीला काढलेल्या पाण्यासारखा ऊन लागायचा. मासे तोंड उघडं टाकून वर येत, शेपटी एकदा हलवत आणि तिथेच थांबत. भाताकडे बघतही नसत. डोहाच्या वरच्या अंगाला खडकाची मांडीएवढी उंच पायरी होती आणि तिच्यावर झाडीत एक कुंड. कड्यातून झिरपणारं त्याचं पाणी भर उन्हाळ्यातही हात बधिर करायचं. कुंडातून पायरीवरून खाली येणारी धार मात्र आता बोटाएवढी उरली होती.

"हात लावायचा नाय, पण पाणी घालायला कोण नाय म्हणतं, वहिनी?" गावचा भगत गोटीराम म्हणाला.

सगळ्यांना ते पटलं. भर दुपारी बायकांनी रांग लावली. कुंडातले हंडे हातोहात खाली आले आणि डोहात रिकामे होऊ लागले. शेवटचे हंडे सावित्रीबाई स्वतः ओतत होती. सावलीत अडकलेल्या एका माशाच्या अंगावरच ते गार पाणी पडलं. मासा वाकडा झाला, अंग ताठ केलं, कुशीवर वळला आणि पांढरं पोट दाखवत खाली गेला. तो परत हलला नाही. शेजारीण सखुबाईने हातातला हंडा खाली ठेवला. कोणी कोणाकडे बघेना.

दुसऱ्या दिवशी किशोर आला. त्याने डोहात पाय घालून पाहिला, मग वर जाऊन कुंडात.

"आये, एवढ्या उन्हात एवढं गार पाणी ओतलं?"

"मग काय करायचं होतं? मरताना बघत बसायचं?"

"तापल्या अंगाला एकदम गार सोसत नाय. आमच्याकडं बारकी पिल्लं आली का पिशवी आधी घटकाभर पाण्यावर तरंगत ठेवत्यात. आतलं नि बाहेरचं पाणी सारखं झालं, मग सोडायची. ह्यांना तसंच वर न्यावं लागंल."

"मासे विकणाऱ्याचं ऐकायचं का आता?" काठावर उभा असलेला गोटीराम तडकला. "हात लावशील तर याद राख." आणि तो निघून गेला.

किशोरने ते मनावर घेतलं नाही. तो डोहाकडेच बघत होता. "हे गार पाण्यातले मासे, आये. पाणी तापलं का त्यातली हवा कमी होते. मग पोहायला बळ कुठून यायचं? बा शिवरात्रीनंतर भात बंद करायचा, तो काय उगाच? खायला मिळंना का ते धारेतून उड्या घेत वर कुंडात जायचे. तवा धार मोठी असते, पाणी गार असतं, अंगात रग असते. औंदा..."

तो थांबला, पण फार उशिरा.

"औंदा मी भात टाकत ऱ्हायले," सावित्रीबाई म्हणाली, आणि तिथेच पायरीवर बसून मोठ्याने रडली. नवरा गेला तेव्हाही ती इतकी रडली नव्हती.

त्यानंतरच्या पहाटे, डोह सगळ्यांत गार असतो तेव्हा, मायलेकरं खाली उतरली. पेटीतलं झिपरूचं धोतर तिने बरोबर घेतलं होतं. दोघांनी दोन्ही टोकं धरून ते माशाखालून सारायचं, झोळीसारखं उचलायचं आणि डोहाचं पाणी भरलेल्या मोठ्या पातेल्यात मासा सोडायचा. पातेलं कुंडाकाठी नेऊन त्यात कुंडातलं पाणी तांब्या तांब्याने घालायचं. एक तांब्या, मग थांबायचं. पुन्हा एक. मासा कल्ले नीट हलवू लागला की धोतरातूनच कुंडात. सात मासे असे गेले. ऊन डोक्यावर आलं.

आठवा तो फाटक्या शेपटीचा. किशोर रिकामं पातेलं घेऊन खाली गेला होता. सावित्रीबाईने धोतर कुंडात सैल केलं, तसा मासा कुशीवर कलला. तो तरंगेना, बुडेना. धोतर लावून तो सरळ राहीना. तिने मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं. तिने धोतर सोडलं आणि दोन्ही हात पाण्यात घातले.

एक हात पोटाखाली, एक शेपटीपाशी. कड्यातून येणाऱ्या धारेकडे त्याचं तोंड करून ती वाकून उभी राहिली. बोटं बधिर झाली, कंबर भरून आली. चाळीस वर्षांत तिने त्या घराण्याच्या देवाला पहिल्यांदा हात लावला होता, आणि तो गार, गुळगुळीत आणि जड होता. किती वेळ गेला कोण जाणे. मग तिच्या तळहातावर शेपटीने एकदा दाबलं. पुन्हा एकदा, जोराने. आणि हात रिकामे झाले.

संध्याकाळी गाव जमलं. गोटीरामने कुंडात डोकावून मासे मोजले. आठ. त्याचा चेहरा सैल पडला.

"धोतरातून नेले ना? मग हात कुठं लागला? भात तुमच्या घरचा, वहिनी. तुम्हीच घाला."

सगळ्यांनी माना हलवल्या. वाद मिटला होता.

"शेवटच्याला माझा हात लागला, भावजी," सावित्रीबाई म्हणाली.

"आये!" किशोर ओरडला.

 ती असं बोलली नसती तर बरं झालं असतं, हे गोटीरामच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. पण बोललेलं आता परत घेता येत नव्हतं.

पावसाळ्यात नदी भरली, मासे डोहात उतरले. टोपलं घेऊन मीना पायऱ्या उतरायची. सावित्रीबाई वरच्या वळणावर, उंबराखाली बसायची. तिथून पाणी दिसत नाही. अबोल मीना मात्र रोज खालून मोठ्याने हाक द्यायची, "आत्या, आठ आले! फाटका बी आला!"

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी मीनाने भात टोपल्यात काढला. सावित्रीबाईने तो परत पातेल्यात ओतला.

"एक मूठ तरी, आत्या? वाट बघतील."

"एक शीतबी नाय. जाऊ दे त्यांना वर."

"तुमाला करमंल का?"

"नाय करमायचं," सावित्रीबाई म्हणाली, आणि टोपलं खुंटीला टांगलं.