छातीतली डबी
मावशींचा हात पहिल्यांदा थरथरला तेव्हा त्या एका कोटाची बाही उसवत होत्या. कात्री बोटांत नाचली आणि अस्तराला बोटभर चीर गेली. वय त्रेचाळीस. त्यांनी ती चीर अशी बेमालूम शिवली की कोटवाल्याला कधी कळलं नाही, पण स्वतःच्या हातावरचा त्यांचा विश्वास त्या दिवशी उसवला तो उसवलाच.

गल्लीतले सगळे त्यांना मावशी म्हणत, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. कोणाचं पोट सुटलं, कोण खंगत चाललंय, हे मापाच्या टेपमुळे त्यांना घरच्यांच्या आधी कळायचं, आणि त्या ते पोटात ठेवायच्या. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. बोलणं कमी, पण बोलला तर तिरकस. "आपलं दोघांचं हातावर पोट," तो म्हणायचा, "फक्त तुझा हात आता पोटाचं ऐकत नाही."

चार वर्षांत परिस्थिती अशी झाली की सुईत दोरा ओवणं सोडाच, पाण्याचा पेलाही दोन्ही हातांनी धरला तरी अर्धा अंगावर सांडायचा. गोळ्यांनी झोप तेवढी आली. शिलाईच्या मशीनवर चादर पडली. मग मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, सरकारी पैशावर एक संशोधन चालू आहे, सोळा जणांवर, येता का? मेंदूत केसाएवढ्या दोन तारा जाणार, गळ्याजवळच्या हासळीच्या हाडाखाली एक डबी बसणार, आणि डबीतून तारांना बारीकसा प्रवाह मिळत राहणार. यंत्र नवीन आहे, उपयोग होईलच असं नाही, हे बाईंनी तीनदा सांगितलं. मावशींनी तिन्ही वेळा मान हलवली. ती तशीही हलतच होती.

ऑपरेशनच्या वेळी त्यांना जागं ठेवलं होतं. डोक्यामागे डॉक्टर काम करत होते आणि समोर एक तरुण इंजिनिअर लॅपटॉप घेऊन बसला होता. त्याने त्यांच्या हातात पेन दिलं आणि गोगलगाईच्या पाठीसारखा गोल गोल आकार काढायला सांगितला. पहिला वेढा म्हणजे नुसता करवतीचा दात. तो लॅपटॉपवर काहीतरी हळूहळू वाढवत गेला, आणि चौथ्या वेढ्याला रेघ गुळगुळीत झाली. मावशींच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. खरखर थांबून स्टेशन लागावं तसं झालं, असं त्या घरी सांगायच्या. तेव्हापासून त्या इंजिनिअरला त्या रेडिओवाला म्हणू लागल्या, आधी पाठीमागे आणि मग तोंडावर.

पुढची दोन वर्षं सुखाची गेली. डबी चालू-बंद करायला घरी एक छोटा रिमोट दिला होता. रोज तासभर छातीवर चार्जरची गादी ठेवून बसायचं आणि दर सहा आठवड्यांनी हॉस्पिटलात जायचं, म्हणजे रेडिओवाला प्रवाह थोडा इकडे, थोडा तिकडे करून द्यायचा. आजार पुढे सरकत असतो, तो सांगायचा, म्हणून आपणही त्याच्याबरोबर सरकायचं. मशीनवरची चादर निघाली. एका लग्नाचे सात कोट त्यांनी एकटीने शिवले.

अशाच एका भेटीला त्या तिसऱ्या मजल्यावर पोचल्या, तर खोलीबाहेर खोकी रचलेली. आत दोन टेबलं रिकामी होती. एका अनोळखी कारकुनाने त्यांची सही घेऊन पाकीट हातात ठेवलं आणि पुढचं नाव पुकारलं.

मावशींनी ते बसमध्ये उघडलं नाही. घरी नवऱ्याने वाचून दाखवलं. शासनाने या संशोधनाचा निधी तात्काळ बंद केला आहे. महिनाअखेरपर्यंत ज्यांना यंत्र काढून घ्यायचं असेल त्यांचं ऑपरेशन मोफत होईल. ज्यांना ठेवायचं असेल त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर ठेवावं, त्यानंतर तपासणी, दुरुस्ती किंवा बदल मिळणार नाही. शेवटची ओळ अशी होती, की चार्जर आणि रिमोट ही प्रकल्पाची मालमत्ता असून ती परत जमा करावी.

नवऱ्याने शेवटची ओळ पुन्हा वाचली. "म्हणजे कुलूप आपल्यात," तो म्हणाला, "आणि किल्ली त्यांच्याकडे."

भरलेली डबी नऊ दिवस पुरते, हे मावशींना पाठ होतं. त्या दिवसापासून त्या चार्जर उशाशी घेऊन झोपू लागल्या. दारावर थाप पडली की आधी तो कपाटात जायचा आणि मग दार उघडायचं. एकदा तर वीज मोजायला आलेल्या माणसाला त्यांनी घरात कोणी नाही असं आतून ओरडून सांगितलं.

पाकीट मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी डॉक्टरीणबाईंना गाठलं होतं. बाई त्यांना बाकावर घेऊन बसल्या आणि त्यांनी काही लपवलं नाही. डबी अचानक बंद पडली तर थरथर नुसती परत येणार नाही, पहिले काही दिवस ती आधीपेक्षा जास्त येईल. घशातही येऊ शकते, तेव्हा गिळताना जपावं लागेल. काढून घ्यायचं म्हटलं तर पुन्हा मेंदूला हात लावणं आलं, आणि नंतर हात होते तसे. मावशींनी विचारलं, की तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं. बाई चपलेकडे बघत म्हणाल्या की ते त्यांनाही माहीत नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि वाट दाखवणारा स्वतःच चाचपडतोय.

सोळातले एक मास्तर त्यांच्या ओळखीचे होते. चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त. तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर दोघांच्या गप्पा व्हायच्या. त्यांनी डबी काढून घेतल्याचं कळलं तेव्हा मावशी त्यांच्या घरी गेल्या. मास्तर खुर्चीत होते, डोक्याला पट्टी. दोन्ही हात मांडीवर होते आणि मांडीसकट उडत होते. बायको त्यांना नळीने सरबत पाजत होती, आणि नळी ओठांतून निसटली की पुन्हा लावत होती.

मास्तर म्हणाले, "मला झोप लागत नव्हती हो. आत काहीतरी चालू आहे आणि त्याला बघणारं कोणी नाही, या विचाराने. आता निदान काय आहे ते समोर दिसतंय."

"पस्तावताय?"

"सकाळी पस्तावतो. संध्याकाळी नाही."

भिंतीवर त्यांनी त्या दोन वर्षांत काढलेली चित्रं होती. मावशींनी मान वर केली नाही. घरी येऊन त्यांनी नवऱ्याला फक्त एवढंच सांगितलं, की मास्तर शांत आहेत आणि मला त्या शांतपणाची जास्त भीती वाटली.

महिना संपायला दोन दिवस असताना त्या निर्णय सांगायला गेल्या. नवराही रजा टाकून बरोबर आला. डबी राहू दे, त्या म्हणाल्या, पण चार्जर मी देणार नाही, मग पोलीस बोलवा. हे त्यांनी घरून पाठ करून आणलं होतं, तरी आवाज फाटलाच.

डॉक्टरीणबाईंनी दार लावून घेतलं. सामान जमा झालं नाही तर त्यांना जाब द्यावा लागणार होता. खालच्या दोन विभागांतल्या लोकांना त्याच आठवड्यात घरी बसवलं होतं, आणि पुढच्या यादीत कोण हे कोणालाच ठाऊक नव्हतं. बाई सामान जमा केल्याच्या फॉर्मसमोर पेन धरून बसल्या. मग त्यांनी लिहिलं, 'चार्जर व रिमोट हे रुग्णाच्या शरीरातील यंत्राचेच भाग असून ते वेगळे करता येत नाहीत.' सही करताना त्यांचं पेन क्षणभर थांबलं. मावशींना दिसलं की या बाईही घाबरल्या आहेत, अगदी आपल्यासारख्याच, आणि तरी त्यांनी सही केली.

"हे चालेल का?" नवऱ्याने विचारलं.

"कोणी वाचलं नाही तर चालेल," बाई म्हणाल्या.

रेडिओवाला आतल्या खोलीत शेवटचं खोकं भरत होता. त्याची नोकरी त्याच दिवशी संपत होती आणि संध्याकाळी पाचला त्याचा लॅपटॉप कुलूपबंद होणार होता. त्यानंतर मावशींच्या डबीत कोणालाही काही बदलता येणार नव्हतं. घड्याळात सव्वातीन झाले होते. त्याने खोकं बाजूला सरकवलं, मावशींना खुर्चीत बसवलं आणि त्यांच्या छातीवर गादी ठेवली.

पुढचा दीड तास दोघं कामाला लागले. तो प्रवाह वाढवायचा, त्या गोगलगाय काढायच्या. पेला उचलायच्या, एक ते वीस आकडे म्हणायच्या, खोलीत चार पावलं चालायच्या. एकदा जीभ जड झाली, एकदा डावा पाय घसटला, तेव्हा तो तिथून मागे आला. पावणेपाचला त्याने रिमोट त्यांच्या हातात दिला.

"यात तीन पायऱ्या बसवल्यात," तो म्हणाला. "पहिली आजची. हात पुन्हा कापायला लागला, आणि सलग आठवडाभर कापला, तरच दुसरी. घाई करायची नाही. वर गेल्यावर बोलणं जड झालं किंवा पाय अडखळला, तर खाली या."

"आणि तिसरीनंतर?"

"तिसरीनंतर यात जागा नाही."

"एक पायरी किती दिवस पुरेल?"

त्याने लॅपटॉपकडे बघितलं. "खरं सांगू मावशी? तेच शोधायला आपण हे सगळं करत होतो. अजून तीन वर्षं मिळाली असती तर सांगू शकलो असतो."

पाच वाजता लॅपटॉपचा पडदा काळा झाला. मावशींनी रेडिओवाल्याच्या शर्टाचं सुटत आलेलं बटण पाहिलं, पिशवीतून सुईदोरा काढला आणि त्याच्या अंगावरच ते टाचून दिलं. तो श्वास रोखून उभा होता. सुई त्याच्या गळ्यापासून चार बोटांवर होती, आणि ती एकदाही हलली नाही.

चार्जर मागायला कोणी आलं नाही. बाईंचं ते वाक्य बहुधा कोणी वाचलंच नाही. पण भीती काही गेली नाही, तिने फक्त घरात जागा धरली. पाचव्या महिन्यात चार्जरची वायर मुळाशी तुटली. नवा शोधण्यात आठवडा गेला आणि डबीत दोन दिवसांचा प्रवाह उरला. तसा चार्जर बाजारात मिळतच नव्हता. नवऱ्याने बारा-बारा मजल्यांच्या लिफ्ट लटकून दुरुस्त केल्या होत्या, पण ते चार्जरचं पोट उघडताना त्याला दरदरून घाम फुटला. मावशी दुसऱ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसल्या. तासाभराने हिरवा दिवा लागला तेव्हा तो जमिनीवरच बसला होता.

हिवाळ्याच्या सुरुवातीला एका सकाळी बटणाचं काज करताना मावशींचा टाका वाकडा गेला. थंडी असेल, त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीही थंडीच होती. चौथ्या दिवशी चहा बशीत सांडला आणि नवऱ्याने बशी पुसली. त्यांनी आठवडा पुरा मोजला. वर एक दिवस जास्त घेतला, कारण रेडिओवाल्याने घाई करू नका म्हटलं होतं, आणि घाई करावी असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं.

नवव्या दिवशी त्यांनी रिमोट हातात घेतला. बटण दाबायला तीन वेळा बोट नेलं आणि तीनदा मागे घेतलं. चौथ्यांदा दाबलं. गालात मुंग्या आल्या, ओठ क्षणभर बधिर झाला, आणि मग हात स्थिर झाला. टेबलावर ठेवलेल्या मेल्या माशासारखा, त्यांच्या मनात आलं.

सुईत दोरा एका फटक्यात ओवला गेला. पण आता दुसरी तपासणी होती. त्यांनी मापांची वही उघडली आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "छाती अडतीस. कंबर चौतीस. बाही तेवीस. खांदा सतरा." नवरा कामावर जायच्या तयारीत, एक बूट पायात आणि एक हातात, दारात थांबून ऐकत होता.

"जड वाटतंय?" त्याने विचारलं.

"तुला वाटतंय?"

"'छाती' म्हणताना थोडं."

मावशींनी वही खाली ठेवली नाही. नवऱ्याने हातातला बूट खाली ठेवला, स्टूल ओढून समोर बसला आणि म्हणाला, "पुन्हा म्हण. सावकाश." त्यांनी त्याच पानाच्या वरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.