दार झालेली आवर्तसारणी

मित्रांनो, मला घालवण्यात अजिनाथ सरांचा फायदाच होता. तपासणीआधी भिंत मोकळी, नव्या प्रोजेक्टरच्या पडद्याला जागा, आणि वर एका मुलीला मदत केल्याचा मोठेपणा. तोट्यात काय ती मी, जामखेडकडच्या एका शाळेतली जुनी आवर्तसारणी.

माझी पाठ कापडाची, तोंड चकचकीत, पाणी न धरणारं. अंगावर शंभरावर मूलद्रव्यं नांदतात. शेवटच्या उभ्या रांगेतली कुणात मिसळत नाहीत, नव्या बागायतदारांसारखी. कित्येक वर्षं मुलं माझ्यापुढे घोकत राहिली. शाबासकी सरांना मिळाली, धूळ मला.

दसरा झाला आणि दहावीतली निकिता आईबापाबरोबर ऊसतोडीला निघाली. तिच्या बापाने, भीमाने, आधीच बजावलं होतं, "नापास झालीस तर फुडल्या सालापासनं हातात कोयता." जाताना सरांनी मला गुंडाळून तिच्या हवाली केलं.

नेवाशाच्या बाजूला उसाच्या फडाजवळ पाचटाची कोपी, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांची झोपडी, उभी राहिली. मी तिचं दार झाले.

"चकचकीत बाजू भाईर कर गं," निकिताची आई कडूबाई म्हणाली. "दव लई पडतंय."

"आये, मंग वाचायचं कुणी? बैलांनी?"

"बैलं तरी पास हुतील!"

असं म्हणून कडूबाईनेच मला उलटं केलं. अक्षरं आत, कापड बाहेर. रात्रभर कापड दव प्यायचं आणि पहाटे खालच्या काठावरून आत ठिबकायचं. दाराशी कोण झोपणार, याची चर्चाच झाली नाही. कडूबाईने तिथे आपली वाकळ टाकली.

भाकरी थापता थापता निकिता घोकायची. "आये, मीठ कशाचं बनतंय?"

"तू सांग की."

"सोडियम आन् क्लोरीनचं."

"आन् कमी पडलं तर तुझ्या बापाच्या शिव्यांचं!"

मित्रांनो, भिंतीवर असताना मला इतकं जवळून कुणी वाचलं नव्हतं. परीक्षेला ती एसटीने गावी गेली, तेव्हा तिचा आवाज परत कधीतरी कानी पडेल, या आशेवर मी लोंबकळत राहिले.

ती पास झाली. आता जामखेडला वसतिगृहात राहून शिकते. यंदाच्या हंगामाला आम्ही तिच्यावाचून आलो.

दार लावताना भीमा म्हणाला, "आता तरी फिरव ते. वाचणारी हाय कुठं?"

"ऱ्हाऊ द्या तसंच," कडूबाई म्हणाली. "पोरगी आतच बसलीय असं वाटतं."

तिला एक अक्षर येत नाही. तरी चुलीच्या उजेडात ती माझ्याकडे बघत बसते, आणि आम्ही दोघी एकाच आवाजाची वाट बघतो.

मित्रांनो, जुने तक्ते जपा, पण तुमच्यासाठी ओल्या बाजूला कोण निजतं तेही एकदा बघा. निकिताला शिक्षण मिळालं, भीमाला दार मिळालं. मोल कडूबाईने मोजलं. पहाटे तिची वाकळ ओली असते, आणि गेल्या हंगामात जडलेला खोकला अजून थांबलेला नाही.