झिजलेला नमुना क्रमांक दोन

मित्रांनो, मी एक जुना प्लास्टरचा नमुना आहे. मुठीत मावेन एवढा, पाठीवर पुसट झालेला दोनचा आकडा. सापडलेली हाडं किती वयाच्या माणसाची, हे ज्या खोलीत ठरवतात तिथे मी अठ्ठावीस वर्षं इमानाने नोकरी केली.

ओटीपोटाखाली, पुढच्या बाजूला दोन हाडं समोरासमोर येतात. विशीत त्यांच्या तोंडावर नांगरल्यासारख्या ओळी असतात. वय वाढतं तशा त्या बुजतात आणि हाड सपाट होतं. या प्रवासाचे सहा टप्पे म्हणजे आम्ही सहा भावंडं. मी विशीतला. माझ्या ओळी इतक्या ठसठशीत होत्या, की मोठ्या डॉक्टरबाई शिकवताना आधी मलाच उचलायच्या. "बघा, कसा बोलका आहे!" म्हणायच्या. मी फुशारून जायचो.

शेकडो विद्यार्थ्यांनी माझ्यावर अंगठे फिरवले. पुढे नवा संच आला, पण तो खराब होईल म्हणून कपाटात कुलूपबंद झाला. काम माझ्याकडेच राहिलं. खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमानच वाटला.

मग खाणीत सापडलेली हाडं आली. धाकट्या डॉक्टरने आधी पोलिसांचा कागद वाचला: बेपत्ता मुलगा, वय तेवीस. म्हणून त्याने सरळ मलाच उचललं आणि हाडाशेजारी धरलं. हाड सपाट आणि इतक्या अंगठ्यांनी झिजून मीही सपाट! मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण प्लास्टरचं कोण ऐकतं? मी जुळलो म्हणून त्याने इतर भावंडांकडे पाहिलं नाही, ज्यांवरूनही वय कळतं त्या बरगड्यांची पिशवीही उघडली नाही.

दोन दिवसांनी मुलाचे वडील आले. ते सुतार होते.

"काका, उंची जुळते, वयही जुळतं. इथे सही करा, म्हणजे हाडांचा ताबा मिळेल," धाकटा डॉक्टर म्हणाला.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं, पण सही केली नाही. "साहेब, मला तुमच्या कामात नाक खुपसायचं नाही. पण वय कशावरून काढलंत, तेवढं दाखवा."

डॉक्टरने मला त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"हा झिजलाय, साहेब."

"तो तसाच असतो, काका."

"नाही हो. मधे गुळगुळीत आहे, पण या कडेच्या खाचेत ओळी अजून खरखरीत लागतायत. आमचा मापाचा लाकडी फर्मा असाच झिजतो. त्यावरून खुर्चीचे पाय कापले की ती डुगडुगते, आणि शिव्या मिस्त्रीला बसतात."

डॉक्टरच्या कपाळावर आठी आली. मग त्याने स्वतःचं नख त्या खाचेत फिरवलं आणि त्याचा चेहरा पडला. तो धावत डॉक्टरबाईंना घेऊन आला. कपाटाची किल्ली सापडेना. सुतारकाका टोपण काढलेलं पेन धरून बसून राहिले. मी त्यांच्या दुसऱ्या हातात होतो, आणि तो हात घामाने ओला झाला होता.

शेवटी कपाट उघडलं. नव्या दोन नंबरशी हाड कुठेच जुळेना. ते पाच नंबरशी जुळलं. बाईंनी बरगड्यांची पिशवी सोडली. बरगड्यांची टोकं खोल झालेली, कडा धारदार.

"हा माणूस पन्नाशीकडे झुकलेला होता," त्या म्हणाल्या. "तेवीस वर्षांचा नक्कीच नाही."

"म्हणजे माझा मुलगा..."

"हा तो नाही, दादा. एवढंच सांगू शकते."

काकांनी पेनाला टोपण लावलं आणि ते ढसाढसा रडले. डोळे पुसून त्यांनी विचारलं, "मग हा कोणाचा? याच्याही घरी कोणी जागत असेल ना?"

मित्रांनो, वस्तू जपा असं तुम्हाला सगळेच सांगतात. माझं मागणं वेगळं आहे. माझ्यासारखा झिजला की त्याला वेळेवर बाजूला काढा, आणि नव्याला कुलपात कुजवू नका. मला वाईट वाटेल, पण ते मी सोसेन. त्या दिवशी ती सही झाली असती, तर एका बापाने परक्याला अग्नी देऊन आपल्या मुलाला शोधणं थांबवलं असतं.