अर्ध्या वॉटचा आवाज

मित्रांनो, मला पाहिलं की बहुतेक जण म्हणतात, हा जुना रेडिओ दिसतो. त्यांची चूक नाही. माझी सागवानी पेटी एका मोडक्या रेडिओचीच आहे. पण बातम्या किंवा गाणी मी कधी पकडली नाहीत. मी गिटारचा आवाज मोठा करणारा अॅम्प्लिफायर आहे, आणि खरं सांगायचं तर मी तो फारसा मोठा करत नाही. माझा जन्म त्यासाठीच झाला.

साल होतं १९७४. आमचा रिसोडचा मुलूख तेव्हा अकोला जिल्ह्यात मोडायचा. बस स्टँडजवळ मारोतरावांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. ते सैन्यात बिनतारी संदेशाच्या तुकडीत होते. निवृत्त होऊन आले, दुकान थाटलं, आणि काही वर्षांत काचबिंदूने त्यांची नजर गेली. दुकानाला कुलूपच लागायचं, पण त्यांची मुलगी बेबीताई पुढे आली. बाप कान लावून दोष सांगायचा आणि लेक तो हाताने काढायची. गिऱ्हाईक मात्र रेडिओ मारोतरावांच्याच हातात द्यायचं, आणि बेबीताई शेजारीच बसलेली असली तरी आभार त्यांचेच मानायचं.

एका दुपारी देवमन मास्तर दुकानात आले. ते शाळेत शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी भागिरथाबाईंच्या गायन पार्टीत गिटार वाजवायचे. ती गिटार मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजवायची असते. भागिरथाबाई इतरांच्या शेतात मजुरी करायच्या आणि गावोगाव बुद्ध-भीमगीतं गायच्या. त्यांचं गाणं ऐकायला इंझोरीपासून माणसं बैलगाड्या जुंपून येत.

मास्तरांचा चेहरा उतरला होता.

"मारोतराव, भागिरथा मावशी गाणं सोडून राह्यली."

"काहून?"

"माह्या गिटारच्या मशीनपायी. स्टेजवर ते असं गरजते, का तिले तिचाच आवाज ऐकू येत नाही. मग मावशी जोर लावते. घसा फाटला तिचा. डॉक्टर म्हणे, असंच ओरडत राह्यली तं आवाज कायमचा जाईन."

"मग त्याचा आवाज कमी कर ना."

"कमी केला का ते मशीन मुकं होते. सूर मेल्यावानी लागते. मी म्हटलं, मी गिटार सोडतो. तं मावशी म्हणे, गिटारबिगर मी गात नाही."

बेबीताई हातातलं काम ठेवून ऐकत होती. ती म्हणाली, "मास्तर, ते मशीन हाये तीस वॉटचं. त्याले दाबून ठेवलं तं ते खुलतच नाही. आपण लहानसंच बनवू. अर्ध्या वॉटचं. ते पुरं उघडलं तरी तुमच्या पायापाशीच बोलन. गावाले ऐकवाचं काम भोंगा करन. त्याचा माइक ठेवू याच्या समोर."

मारोतराव हसून म्हणाले, "बनव. पण लहान आवाजात लहान दोषही ऐकू येते, बेबी."

त्यांचं म्हणणं पुढे खरं ठरलं.

बेबीताईने रेडिओची रिकामी पेटी घेतली. पत्र्याच्या सांगाड्यावर तीन व्हॉल्व्ह, म्हणजे तापल्यावरच चालणारे काचेचे दिवे, बसवले. एक वीज सरळ करायला, एक गिटारचा बारीक सूर उचलायला आणि एक तो स्पीकरपर्यंत पोचवायला. शेवटच्या व्हॉल्व्हला मिळणारा विजेचा दाब तिने मुद्दाम कमी केला. त्यांच्या बाजूला दोन ट्रान्सफॉर्मर बसवले, मोठा विजेसाठी आणि लहान स्पीकरसाठी. प्रत्येक जोडावर तिने सोल्डरचा डाख इतका नेटका दिला होता की मास्तर तो पाहून म्हणाले, "हे तं मोत्यावानी दिसते." पाचव्या दिवशी तिने मला चालू केलं.

मी घुमायला लागलो. एकसारखं घूं, घूं. मोठ्या यंत्रात अशी घरघर आवाजाखाली झाकून जाते. माझ्यासारख्याला ती लपवता येत नाही. मला फार लाज वाटली.

बेबीताईने तारा बदलल्या. घरघर तशीच. जोड नव्याने दिले, तरी तशीच. वैशाखी पौर्णिमेला केनवडला कार्यक्रम ठरला होता आणि आता तीनच दिवस उरले होते. तिने सोल्डरची कांडी खाली ठेवली आणि डोक्याला हात लावला. "बाबा, मले नाही जमत हे. लोक बराबर म्हणते, दुकान तुमचंच हाये."

मारोतराव उठले, चाचपडत माझ्याजवळ आले. माझ्या पेटीला कान लावला, मग दुसऱ्या बाजूने लावला. "दोन ट्रान्सफॉर्मर कसे बसवले तूनं?"

"शेजारी शेजारी. एकाच तोंडानं."

"मोठ्याची घरघर लहाना ऐकून राह्यला. थोडा दूर ने. अन् तोंड फिरव."

तिने लहान ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू ढिले केले, त्याला लांब सरकवलं आणि हळूहळू आडवा फिरवू लागली. घरघर कमी कमी होत गेली, आणि एका जागी ती थांबली. दुकानात इतकी शांतता झाली की बाहेरच्या रसवंतीचे घुंगरू ऐकू आले. मी चालू होतो आणि गप्प होतो! मारोतराव लेकीचे दोन्ही हात धरून बसले. बराच वेळ त्यांनी ते सोडले नाहीत.

केनवडला शाळेच्या अंगणात उन्हं उतरल्यावर कार्यक्रम सुरू झाला. मला पाहून भोंगेवाला हसला, "मास्तर, आज स्टेजवर टिफिन आणला काय?" पण त्याने माझ्यासमोर एक माइक ठेवला. मास्तरांनी तारेवरून कांडी सरकवली. सूर मंद निघाला आणि तरी भरलेला. भागिरथाबाईंनी पहिली ओळ गायली, आणि त्या मध्येच थांबल्या. सगळे घाबरले.

"काय झालं, मावशी?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही रे, बापू." त्यांचे डोळे भरले होते. "मले माहा आवाज ऐकू आला."

मग त्या गायल्या. ओरडल्या नाहीत, गायल्या. चौथ्या गाण्यात मात्र भोंग्याची बॅटरी बसली आणि भोंगा गप्प झाला. मी शाळेच्या विजेवर चालत होतो, म्हणून मी तेवढा चालू राहिलो. माणसं उठायला लागली. भागिरथाबाईंनी हाताने सगळ्यांना बोलावलं, "जाता कुठी? जवळ या समदे. लेकरं पुढं घ्या."

माणसं सरकत सरकत स्टेजपर्यंत आली. माइक नाही, भोंगा नाही. पुढे एक बाई आणि तिच्या पायाशी मी. मी माझा सगळा अर्धा वॉट दिला. त्याच्याखाली तिचा एकही शब्द झाकला गेला नाही. मोठं यंत्र असतं तर त्या दिवशी तिला पुन्हा ओरडावं लागलं असतं.

कार्यक्रम संपल्यावर गावकऱ्यांनी ऐकायला आलेल्या मारोतरावांना स्टेजवर नेलं आणि त्यांच्या गळ्यात हार घातला. त्यांनी तो चाचपून काढला.

"हे मशीन मी पाह्यलंही नाही," ते म्हणाले. "माह्या पोरीनं केलं हे. बेबी, कुठं हाये तू? इकडं ये."

बेबीताई बायकांमध्ये मागे बसली होती. बायकांनीच तिला ढकलत पुढे आणलं. त्यानंतर रिसोडला गिऱ्हाईक रेडिओ सरळ तिच्या हातात देऊ लागलं.

भागिरथाबाई पुढे बारा वर्षं गायल्या. मी धनजला गेलो, कारंज्याला गेलो, बैलगाडीत, एसटीच्या टपावर. त्या गेल्यावर मास्तरांनी गिटार भिंतीला टांगली आणि मला माळ्यावर ठेवलं. धूळ बसली, उंदरांनी माझं कापड कुरतडलं. मास्तरही गेले. घर बदलताना त्यांच्या मुलाने, जगदेवने, मला खाली काढलं. वायर लावली, बटण दाबलं. काहीच झालं नाही. "मेलं हे," तो म्हणाला, आणि मला भंगाराच्या ढिगाकडे नेऊ लागला.

निरोप द्यायला आलेल्या बेबीताई दारातच उभ्या होत्या. त्यांचे केस पांढरे झाले होते. "अरे, अर्धा मिनिट तं थांब! व्हॉल्व्ह हाये हे. गरम व्हाले वेळ लागते." त्यांनी मला पुन्हा लावलं. सगळे उभे राहिले. हळूहळू माझ्या काचांत नारिंगी उजेड आला आणि मी घुमलो.

"जित्तं हाये," त्या म्हणाल्या. "कंडेन्सर म्हातारे झाले, बस."

त्यांनी मला घरी नेलं आणि चार कंडेन्सर बदलले. आता मी त्यांच्या टेबलावर आहे.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या माळ्यावर माझ्यासारखी एखादी वस्तू असेल, घरात एखादं थकलेलं माणूस असेल, तर हाक मारून लगेच पाठ फिरवू नका. आम्हाला गरम व्हायला अर्धं मिनिट लागतं. तेवढा वेळ उभे राहा.