चौदावं रीळ

"पाच मिनिटं म्हणजे पाचच मिनिटं!" तेजश्रीने टेबलावरची घंटा वाजवली. "आणि सर, शेवट सांगायचा नाही. ज्यांनी पाहिला नाही त्यांचा तरी विचार करा."

माईकसमोरचे निवृत्त मास्तर रंगात आले होते. ते शेवट सांगूनच खाली बसले. लोक हसले, टाळ्या झाल्या.

तेजश्री आमच्या महाडच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. तिने तीन महिन्यांपूर्वी सिनेमाप्रेमींचा गट काढला आणि त्या रविवारी दुपारी 'माझा सर्वांत आवडता सिनेमा' असा कार्यक्रम ठेवला. पंचवीस खुर्च्या मांडल्या होत्या, माणसं आली चाळीस. पुराची रेघ अजून भिंतीवर असलेल्या हॉलबाहेरच्या जिन्यातच काही जण बसले. मी मात्र पुढे, हार घालून. प्रमुख पाहुणा होतो ना! चांदणी टॉकीजमध्ये मी एकोणतीस वर्षं प्रोजेक्टर ऑपरेटर होतो. टॉकीज पाडली, तिथे आता मोबाइलची दुकानं आहेत. पण पत्रिकेत माझ्या नावापुढे 'ज्येष्ठ चित्रपटतज्ज्ञ' असं छापलं होतं. ते वाचून माझी बायको नुरजहाँ हसून हसून बेजार झाली. "केबिनच्या भोकातनं शिनमा बघनारा तज्ज्ञ!" म्हणाली.

म्हणू दे. मी आठ दिवस आरशासमोर भाषणाची तयारी केली होती, आणि एक किस्सा राखून ठेवला होता. बाजाराच्या दिवसाचा किस्सा.

बाजाराच्या दिवशी पोलादपूरच्या डोंगरातली माणसं महाडला यायची आणि तीनचा शो बघूनच परतायची. त्यांची शेवटची एसटी सव्वासहाला. सिनेमा सुटायचा तोही सव्वासहाच्या पुढेमागे. मग व्हायचं काय, की ऐन शेवटाला निम्मं थेटर उठायचं. पिशव्या, कोंबड्या, पोरं घेऊन माणसं खुर्च्यांवरून उड्या मारत पळायची आणि मागचे शिव्या घालायचे. आमचे मालक हाशिमशेठ एकदा वर केबिनमध्ये आले नि म्हणाले, "हैदर, काय तरी कर बाबा." मी केलं. सिनेमा सोळा रिळांचा असेल तर बाजाराच्या दिवशी मी पंधराच लावायचो. एक रीळ म्हणजे दहा-अकरा मिनिटं. टॉकीजसमोरच स्टँड. माणसं सिनेमाचा शेवट बघून, डोळे पुसत, आरामात गाडीत बसायची.

कुठलं रीळ काढायचं, ते माझ्या डोक्यावर. गाणं काढलं तर लोक खुर्च्या फाडतील, मारामारी काढली तर मला. म्हणून मी असं रीळ शोधायचो की ज्यात कुणी नुसतंच बसलंय, बोलतंय, रडतंय. जोड असा बेमालूम द्यायचो, की सोळा वर्षं हे चाललं, पण एकाही माणसाला संशय आला नाही. मला त्याचा गर्व होता. खोटं का बोलू, त्या रविवारी दुपारी चार वाजेपर्यंत होता.

माझ्या आधी एकच नाव उरलं होतं. "डोंगरातल्या कुडपणचे हैबतीआजोबा," तेजश्री म्हणाली. "त्यांची नात सेजल आमच्या कॉलेजात आहे. तिनेच नाव दिलं."

मी त्याला लगेच ओळखलं. बाजाराच्या दिवशी दोन-तीनदा पहिल्या रांगेत, खांद्यावर लाल टॉवेल टाकून बसला होता. दर वेळी शो सुटला की जाता जाता वर केबिनकडे बघून हात करायचा. आता पार वाळला होता, पण टॉवेल लालच होता. माईक त्याने उगाच दोन्ही हातांनी धरला.

"मी लय शिनमे बघितले नाय," तो म्हणाला. "एकच बघितला, पन तीनदा. तिन्ही खेपेला बाजाराच्याच दिवशी." आणि त्याने सिनेमाचं नाव घेतलं.

नाव ऐकलं नि मी मनात रिळं मोजायला लागलो.

"त्यात दोन भाव असतात. मोठा धाकट्यावर आळ घेतो, त्याला घरातनं हाकलतो. धाकटा शहरात जातो. वर्सं जातात. मोठ्याला कळतं आपलं चुकलं. पन तो काय जात नाय. मोठाच तो! घरात बसून झुरतो, बोलत नाय. आन् मंग एक दिस धाकटा आपल्या पायानं येतो. हातात वळकटी. आय दारात असती. काय बोलनं नाय, चालनं नाय, दोघं भाव गळ्यात पडतात." त्याने टॉवेलने तोंड पुसलं. "मला तेच आवडलं. रक्ताचं असलं तर बोलवाया लागत नाय."

घंटा वाजायची वेळ झाली होती. तेजश्रीने वाजवली नाही.

"माझा भाव महिपत. शिमग्यात पालखीला खांदा द्यायवरनं आमची बाचाबाची झाली, मी त्याला सगळ्या गावासमोर थोबाडीत मारली. चूक माझी होती, नाय म्हनत नाय. तो मुंबईला गेला तो गेलाच. गावची मानसं सांगायची, महिपत म्हनतो दादानं एकदा यावं. मी म्हनलं, मी कशाला जाऊ? शिनम्यात मोठा गेला काय? धाकट्यानंच यायचं असतं. सव्वीस वर्सं वाट बघितली. गेल्या शिमग्याच्या आधी तो मुंबईतच वारला." हैबती थांबला. मग अगदी शांतपणे म्हणाला, "शिनमा खरा हाय. माझा भावच तेवढ्या मनाचा नव्हता."

माझ्या गळ्यातला हार मला जड व्हायला लागला. कारण त्या सिनेमातला मोठा भाऊ गेला होता. एकदा नाही, दोनदा गेला होता. चौदाव्या रिळात. त्या रिळात नाच नव्हता, मारामारी नव्हती, एक म्हातारा होता नि एक जिना होता. म्हणून बाजाराच्या दिवशी मी तेच डब्यात ठेवलं होतं. त्या वेळी तर मला वाटलं होतं, धाकटा आपणहून येतो हे जास्तच छान दिसतंय!

"आजोबा, सापडला!" तेजश्रीने मोबाइल उंचावला. "पूर्ण सिनेमा आहे इथे. पुढच्या रविवारी आपण तो पडद्यावर लावूया. तुमच्यासाठी!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. हैबतीचा चेहरा लहान पोरासारखा फुलला. "म्हंजे परत बघायला गावंल? येतो की मी!"

मग माझी पाळी. मी उठलो. किस्सा जिभेवर होता, तो गिळला. प्रोजेक्टरच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्यांबद्दल, धुराबद्दल काहीतरी बोललो. तेजश्रीने विचारलं, "काका, तुमचा आवडता सिनेमा?" मी म्हणालो, "मी सिनेमे बघितले नाहीत, नुसते लावले." लोकांना त्यात मोठा अर्थ दिसला. टाळ्या वाजल्या. मला माझीच शरम वाटली.

चहाच्या गडबडीत मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. गप्प बसता आलं असतं. तेजश्रीला बाजूला घेऊन कार्यक्रम रद्द करता आला असता. पण सिनेमा आता कुणाच्याही फोनवर मिळत होता, त्याच्या नातीच्याही. आज ना उद्या हैबती तो बघणारच होता. चाळीस माणसांमध्ये, अंधारात, एकट्याने. त्यापेक्षा त्याने ते माझ्या तोंडून ऐकावं. माझं धाडस होत नव्हतं, पण त्याच्या पाठोपाठ स्टँडवर गेलो.

डोंगराकडची शेवटची गाडी आता साडेपाचलाच सुटते. हैबतीने खिडकीतून लाल टॉवेल सीटवर टाकून जागा धरली होती आणि तो बाहेर बाकड्यावर बसला होता. मला बघून सरकला.

"बस, हैदरभाय. शिनमा कुनी दावला होता, तूच ना? लय उपकार तुझे."

"हैबतीदादा," मी म्हणालो, "त्या शिनम्यात एक रीळ कमी होतं."

"कमी म्हंजे?"

मी सांगितलं. एसटी, पळापळ, हाशिमशेठ, सोळातलं एक रीळ. सांगताना मला वाटत होतं, हा आता मला मारील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्याला आधी हसूच आलं. "आयला! आमच्यासाठी? आमची गाडी चुकू नाय म्हनून?" मग हसू हळूहळू गेलं. "त्या रिळात काय होतं?"

"मोठा भाव शहरात जातो. धाकट्याकडं."

हैबती माझ्याकडे वळला. कंडक्टरने घंटी दिली, ड्रायव्हर अजून टपरीवरच होता.

"जातो?"

"जातो. पत्ता हुडकत हुडकत. धाकट्याची बायको दार लावून घेते. तो जिन्याच्या पायरीवर बसतो, दिवसभर. मग माघारी जातो. आनि थोड्या दिवसांनी परत येतो."

"दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा. तवा धाकटा दार उघडतो."

"मंग? मोठा काय म्हनतो?"

तीन आठवडे, रोजचे तीन शो मी तो प्रसंग बघितला होता. शब्द न् शब्द मला पाठ होता. सिनेमातला मोठा भाऊ डोक्याची पगडी काढून पायरीवर ठेवतो. मी माझी टोपी काढली आणि आमच्या दोघांच्या मध्ये बाकड्यावर ठेवली.

"चुकलो रे, म्हनतो. एवढंच."

हैबतीने त्या टोपीला हात लावला नाही. नुसता तिच्याकडे बघत राहिला. त्याचे ओठ हलत होते. मग म्हणाला, "म्हंजे महिपतचं बरोबर होतं."

टोपी मी तशीच राहू दिली.

"दादानं एकदा यावं, म्हनला होता. एकदाच. दोनदा पन नाय म्हनला." त्याचा आवाज फाटला. "मी लोकांला सांगत फिरलो, माझा भाव कमी मनाचा. आज सुदिक सांगितलं. एवढ्या मानसांत."

"चूक माझी हाय, दादा."

"तुझी अकरा मिन्टांची," तो म्हणाला. "माझी सव्वीस वर्सांची." रागाने नाही म्हणाला. त्याचंच मला जास्त लागलं. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण माफी कशाची मागणार आणि ती देणारा तरी कुठे होता? महिपत मुंबईत जळून वर्ष होत आलं होतं.

ड्रायव्हर चढला. गाडी थरथरली. "बाबा, चला!" कंडक्टर दारातून ओरडला. "शेवटची हाय. मागनं दुसरी नाय."

मी उठून हैबतीच्या काखेत हात घातला. त्याने तो बाजूला केला.

"दादा, गाडी चुकंल तुझी."

"चुकू दे." त्याने कंडक्टरकडे न बघताच हात हलवला. "नातीच्या खोलीवर जाईन. तू बस."

गाडी वळली. खिडकीतल्या त्या एका सीटवर लाल टॉवेल तसाच पसरलेला होता, कुणी त्यावर बसलं नव्हतं. गाडी पुलाकडे दिसेनाशी होईपर्यंत मी बघत होतो. हैबतीने बघितलं नाही.

"पायरीपासनं सांग," तो म्हणाला. "सावकाश. काय सोडू नको."

मी त्याच्याशेजारी बसलो आणि पायरीपासून सांगायला लागलो.