सरदाराची पाळी

"सरदाराला धुऊन ठेवा, जाऊबाई. उद्या उजाडलं की न्यायला येते," धाकटी ओढ्यापलीकडून म्हणाली. "आणि मागच्यासारखं त्याचा पाय दुखतोय, पोट दुखतंय असलं काही नको. आमच्या सगळ्या पहिलटकरणी आहेत. एवढा माज चुकला तर वर्ष फुकट."

"ये की. तपासणी स्वच्छ आलीय," थोरली म्हणाली आणि बादली उचलून वळली.

दोघा भावांनी घर वाटलं, जमीन वाटली, भांडीकुंडी वाटली. सरदार तेवढा वाटता आला नाही. सरदार म्हणजे पैदाशीचा नर डुक्कर, अंगानं दांडगा आणि स्वभावानं गरीब. मधोमध कापला तर कुणाच्याच कामाचा नाही, म्हणून ठरलं की एक पाळी वर थोरल्याकडे, एक पाळी खाली धाकट्याकडे. भावाभावांत तेव्हापासून बोलणं नव्हतं. जे काही बोलायचं ते दोघी जावांनी, ओढ्याच्या दोन काठांवरून.

त्या साली डुकरांत रोग फिरत होता. माद्या अवेळीच गाभडायच्या, पिल्लं मेलेली तरी जन्मायची नाहीतर धापा टाकत. विषाणू काही डोळ्यांना दिसत नाही, आणि नर वरून धडधाकट असला तरी त्याच्या बीजातून रोग पुढे जातो. म्हणून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी नियम घातला होता, सरदारानं ओढा ओलांडायच्या आधी गोठ्यात जाड सुती दोर टांगायचा. लोंबतं काही दिसलं की डुकराला तोंड घातल्याशिवाय राहवत नाही. चघळून ओला झालेला दोर पिळायचा आणि ती लाळ तपासणीला धाडायची.

"असा दोर माणसांतही टांगायला हवा," धाकटी तेव्हा म्हणाली होती. "आमच्या सासूबाई पहिल्या आल्या असत्या चघळायला."

बाईंनी विचारलं होतं, "सगळ्या आल्या ना दोराला? एकही सुटता कामा नये."

"सगळ्या आल्या," थोरली म्हणाली होती. तिच्या मनात कपट नव्हतं. गोठ्यात होत्या तेवढ्या सगळ्या आल्याच होत्या.

लाजरी गोठ्यात नव्हती. कोवळी मादी, पहिल्यांदाच गाभण. बाकीच्या तिचे कान चावायच्या, खाण्यावरून ढकलून द्यायच्या. ते बघवेना म्हणून थोरलीनं तिला स्वयंपाकघरामागच्या लाकडांच्या खोलीत आणून ठेवलं होतं. हातानं भरवायचं, पाठ खाजवायची, चार गोष्टी बोलायच्या. माहेरपणाला आलेल्या लेकीला कुणी गोठ्यात मोजतं का? तशी ती मोजायची राहूनच गेली.

धाकटीशी बोलून ती बादली घेऊन त्या खोलीत आली, तर सकाळचं खाणं तसंच पडलेलं. लाजरी कुशीवर पडून होती. कानांच्या कडा निळसर झालेल्या, अंग तव्यासारखं तापलेलं. मागे पेंढ्यात पिल्लं पडली होती. त्यांना अजून केससुद्धा फुटले नव्हते.

नवरा आला, बघितलं आणि फावडं घेऊन आला.

"गाभडली. होतं कधी कधी. लाकूड पडलं असेल अंगावर."

"लाकडं रचलेली तशीच आहेत."

"मग घसरली असेल. तपासणी स्वच्छ आहे ना?"

"हिनं दोर चघळलाच नाही हो."

त्याचा हात थांबला. "झाकली मूठ राहू दे. बोभाटा झाला तर गोठा रिकामा करायला लावतील. आणि खालचे काय म्हणतील, तुला माहीत आहे. सरदार द्यायचा नव्हता, म्हणून सोंग केलं."

"सरदार हिच्यावर गेला होता ना?"

तो खाली वाकला. पिल्लं उचलली आणि बाहेर गेला.

थोरली देवापुढे जाऊन बसली. रोजचं म्हणणं ओठांवर येईना. डोळे मिटले की धाकटीच्या पहिलटकरणी दिसत होत्या, गुलाबी कानांच्या, धडपड्या. ती उठली, धुतलेला दोर घेतला आणि लाजरीजवळ मांडी घालून बसली. लाजरीनं तोंड फिरवलं. थोरलीनं दोर ओला केला, तिच्या ओठाशी धरला, पाठीवरून हात फिरवत राहिली. "एवढं कर बाई. तुझं गेलं ते गेलं. त्यांचं तरी राहू दे."

खूप वेळानं लाजरीनं दोर तोंडात घेतला.

उजाडता उजाडता तिनं बाईंना बोलावणं पाठवलं. बाई यायच्या आधीच धाकटी दोरखंड घेऊन फाटकाशी हजर.

"सरदार देत नाही," थोरली म्हणाली.

"आता काय दुखतंय त्याचं?"

"लाजरी गाभडली."

"कोण लाजरी? तुम्ही तर सगळ्या आल्या म्हणालात. रात्रीत नवी उगवली का?"

"ती मोजायची राहिली. माझ्या हातून."

"वा. सरळ म्हणा की द्यायचा नाही. एवढी देवभक्ती करता आणि एक डुक्कर सोडवत नाही." धाकटीचा आवाज फाटला. "आमचं भलं झालेलं तुम्हाला बघवतच नाही."

थोरलीनं फाटकाची कडी सोडली नाही. ओसरीवरून नवरा म्हणाला, "सांगितलं होतं. आता ऐक."

तिनं ऐकून घेतलं.

बाई आल्या, दोर पिळून लाळ नेली, सरदाराचं रक्तही नेलं. रागावल्या नाहीत, "दोराला जी येते ती बहुधा धडधाकटच असते," एवढंच म्हणाल्या. निकाल आला. लाजरीत रोग होता, सरदारातही होता, लाळेत सुटला तो रक्तात सापडला. गोठ्यातल्या दोघींत नंतर निघाला. गोठा रिकामा करायला गाडी आली तेव्हा थोरलीनं सवयीनं बादली वाजवली, आणि सरदार आपणहून फळीवरून वर चढला. त्याला वाटलं, पाळी आली.

लाजरी मात्र पुन्हा उठलीच नाही.

वरचा गोठा चुन्यानं धुऊन रिकामा पडला. नवरा जेवायचा, पण बोलायचा नाही. धाकट्यानं दूरच्या गावाहून दुसरा नर आणला म्हणे, तोही उशिरानं. धाकटी पाण्याला यायची, भरून मान खाली घालून जायची.

मग एका सकाळी ती पलीकडे थांबली. बादली भरली तरी उचलेना.

"परवा दोर टांगला होता," ती पाण्याकडे बघत म्हणाली.

"आल्या सगळ्या?"

"एक आली नाही. कोपऱ्यात बसून होती."

थोरलीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "मग?"

"मग काय. बसले तिच्यापाशी, आणि नेला दोर तिच्या तोंडाशी." धाकटीनं बादली उचलली. "काही नाही निघालं, जाऊबाई. नुसतीच रुसली होती."